साडूभाऊंचा खुला नकाशा

आमच्या साडूभाऊंना हिंगोली जिल्हा जितका पाठ आहे, तितका सगळ्या तलाठ्यांना मिळूनही नसेल. वायरमन म्हणून तीस वर्षं खांबांवर चढले. रिटायर झाले आणि कुठल्याशा शिबिरात त्यांना मोबाइलवरचा खुला नकाशा भेटला. फुकट, कुणाच्याही मालकीचा नाही. कुणीही त्यात भर घालावी आणि पूर-भूकंपात मदतीला येणाऱ्यांनी तो वापरावा. झालं! पुसेगावच्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी गृहस्थ मांडवातून गायब. सापडले ते हातपंपापाशी, दांडा मारून पाणी येतं का बघताना. माझ्या मुलासाठी मुलगी पाहायला कळमनुरीला गेलो, तर यांचा पहिला प्रश्न, "बाई, पावसाळ्यात तुमच्या पुलावरून पानी जातंय का?" मुलगी हसून म्हणाली, "गुडघाभर." यांनी तिथंच टिपून घेतलं. तरीही सोयरीक जमली, हे आमचं नशीब! मेव्हणीबाई वैतागायच्या, "घरातलं मीठ संपलेलं दिसंना, अन् तांड्यावरचा हौद बराबर दिसतोय!" त्यावर हे शांतपणे, "मीठ शेजारी मागता येतं. पुरात वाट कुनाला मागावी?"

गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे मुक्कामाला असताना शिरड शहापूरच्या अंगाला, त्यांच्या गावचा ओढा सकाळीच फुगला. यांचा धाकटा भाऊ, भावजय आणि बाळंतपणाला आलेली त्यांची लेक, दहा दिवसांच्या बाळासह, आखाड्यावर म्हणजे शेतातल्या घरात अडकली. पाणी ओट्याला लागलं होतं. बचाव पथक आलं, आणि त्यांच्या फोनवर हाच नकाशा! मला केवढा अभिमान वाटला. पथकाच्या प्रमुखानं साडूभाऊंना विचारलं, "काका, समोरून धार जोरात आहे. मागून वाटच नाही का?"

गाव गप्प. सख्ख्या भावांच्या भांडणात आमच्याकडे तिसऱ्यानं तोंड घालायचं नसतं. मागून वाट होती, साडूभाऊंच्याच रानातून. बांधावरून वाद झाला तेव्हा त्यांनी ती बाभळीच्या काट्या टाकून बंद केली, त्याला सात वर्षं झाली होती. तीन तालुक्यांतल्या पायवाटा टिपणाऱ्या या माणसानं तेवढी एक टिपली नव्हती. खरं सांगतो, मला त्यांचा भयंकर राग आला.

"हाय वाट," ते खाली मान घालून म्हणाले. "म्याच नकाशात टाकली न्हाई." ओल्या बोटानं रेघ उमटेना. फोन सदऱ्याला पुसून त्यांनी ती काढली, पथकाच्या, दोर घेऊन पाठोपाठ येणाऱ्या गाडीला कळावी म्हणून. मग फोन माझ्या हातात कोंबला, धावत रानात शिरले आणि हातांनीच काट्या ओढू लागले. "अहो, कोयता तरी येऊ द्या!" मी ओरडलो. ऐकतंय कोण?

तासाभरात सगळे चिखल तुडवत त्याच वाटेनं बाहेर आले. धाकट्यानं दुपट्यात गुंडाळलेली नात छातीशी धरली होती. तो थोरल्यासमोर थांबला. त्याच्या हातांकडे बघत म्हणाला, "दादा, लई काटे लागलेत की तुला."

साडूभाऊंनी लेकरासाठी हात पुढं केले, रक्त दिसलं तसे मागं घेतले, धोतराला पुसले आणि पुन्हा पुढं केले.