एक तांब्या पाणी

"पानी! रंगा, पानी वत! आरं डोळा जळतोय माझा, वत की!"

सायमन ओरडत होता. दोन्ही हात तोंडावर दाबून, आमच्या परसात, भर चैत्रातल्या सकाळी. सायमन म्हणजे माझा लहानपणापासूनचा दोस्त. शाळेत पोरांना सुतारकाम शिकवायचा.

ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. भिंगारपासून मिरजगावापर्यंत ती न ऐकलेला माणूस दाखवा, मिशी उतरवून देतो. पण तुम्ही ऐकलीत ती मी रंगवलेली. दुसरी एक आहे — ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. तिला सांगायची गरज पडली नाही, ते पुढे येईलच.

तर, जीप. लष्कराच्या लिलावातून घेतलेली. मी सांगायचो की हिने दोन लढाया मारल्यात आणि तिसरीला निघालेली मी अडवली. खरं म्हणजे ती कुठल्याशा डेपोत भाजी वाहत होती. कापडी टपाच्या चिंध्या झालेल्या. दुष्काळाचं वर्ष, धूळ अशी की संगमनेरला जाऊन आलो तर बायको आधी आवाजावरून खात्री करायची, मग दार उघडायची. म्हटलं, पक्का टप करायचा. फायबरचा. पुण्यात एका कारखान्यात मी तो होताना पाहिला होता — पाहिला म्हणजे फाटकातून, पाऊण तास. गावात सांगितलं, सहा महिने शिकलो.

सायमनने साचा केला. त्या साच्याबद्दल मी एकदाही फुगवून बोललो नाही, कारण फुगवायला जागाच नव्हती. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर प्लायवूड, त्यावर प्लास्टर, आणि ते घासून घासून असं गुळगुळीत की माशी घसरावी. टप साच्याला चिकटू नये म्हणून वर मेण हवं. सायमनने चर्चमधली मेणबत्त्यांची उरलेली थोटकं गोळा करून आणली, रॉकेलमध्ये वितळवली आणि तीन हात दिले. "देवाचं मेन हाय," म्हणाला, "चिकटायची टाप न्हाई."

काम असं — रेझिन म्हणजे मधासारखं दाट रसायन. त्यात हार्डनर मिसळायचं, ते दिसायला अगदी पाण्यासारखं. काचेच्या धाग्यांची चटई साच्यावर अंथरायची आणि ते मिश्रण ब्रशने त्यात जिरवायचं. हार्डनर पडलं की घड्याळ सुरू. वीस मिनिटं. त्यानंतर डब्यातच दगड होतो.

हार्डनरच्या बाटलीबरोबर इंग्रजी कागद आला होता. मी सातवीपर्यंतच्या इंग्रजीवर तो वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती — डोळ्यात गेल्यास पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा.

"वाहतं पानी?" सायमन म्हणाला. "नगरात? मंग आधी पुन्याला जावं लागंल डोळा घिऊन!"

हसलो आम्ही. खूप हसलो. हे का सांगतोय? कारण तो कागद आम्हाला दोघांनाही माहीत होता. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

बाजू झाल्या. छताचा शेवटचा थर उरला, रेझिनचा शेवटचा डबा उरला. बायको — सखू — टँकरच्या रांगेला गेलेली. मी डब्यात हार्डनर ओतलं, ढवळलं. बाटली हातातच. आणि मी बोलत होतो — मी कधी बोलत नसतो? भंडारदऱ्याच्या घाटात या जीपपुढे वाघ कसा आडवा बसला होता ते सांगत होतो. वाघाने पंजा उचलला तिथे मी हात उचलला. बाटलीचा हात.

सायमन खाली वाकून चटई सारखी करत होता. त्याने वर पाहिलं.

इथपर्यंत अपघात. अपघात मी लपवला नाही. पुढचं लपवलं.

मी पळालो. मोरीशेजारी पाण्याचं पिंप होतं, भरलेलं. तांब्या बुडवला, आणला, त्याच्या उजव्या डोळ्यावर ओतला. तो म्हणाला, "अजून." मी वळलो — आणि वळताना डबा दिसला. रेझिन काठाला धरू लागलं होतं.

मी काय विचार केला? आठवत नाही. केला असेल तर तो शब्दांत नव्हता. तांब्या खाली ठेवला. ब्रश उचलला.

"रंगा, पानी."

"संपलं," मी म्हणालो. "पिंप संपलं, सायमन."

त्याचे डोळे मिटलेले. आणि त्या वर्षी पाणी संपलं म्हटल्यावर कोण बघायला उठणार होतं? सगळ्यांचंच संपत होतं. तो भिंतीला टेकून बसला. पदर असता तर पदराने टिपावा तसा सदऱ्याच्या टोकाने डोळा टिपत राहिला. मी छत भरलं. कोपरे नीट दाबले. बुडबुडे काढले. मध्ये एकदा त्याने विचारलं, "टँकर आला का रं?" मी म्हणालो, "येईल." हात थांबला नाही.

पंधरा मिनिटं लागली. बरोबर पंधरा.

मग त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "पाणी किती घातलं?" मी म्हणालो, "अख्खं पिंप." ते म्हणाले, "मग तुम्ही करण्यासारखं सगळं केलंत." एवढं बोलून त्यांनी पट्टी बांधायला घेतली.

डोळा गेला. एका डोळ्याने खोली कळत नाही, पटाशी कुठे लागेल त्याचा अंदाज येत नाही. दोनदा त्याची बोटं फाटली. मग शाळेने त्याला फाटकावर बसवलं. मी मात्र गोष्ट सांगत राहिलो. "सुतार एक डोळा मिटूनच लाकडाची धार बघतो," म्हणायचो, "आमच्या सायमनचे तेवढे कष्ट वाचले!" लोक खो खो हसायचे. सायमनही हसायचा. दर वर्षी पिंपं वाढत गेली. दोन, चार, शेवटी तर पाणी रस्त्यावर गेलं आणि बायका हंडे घेऊन धावल्या. माझं सगळं लोक दहाने भागून घेतात. एक तांब्या दहाने भागला की किती उरतं?

पाण्याबद्दल सायमनने मला जन्मात कधी विचारलं नाही. आता तो नाही. टप आहे. परसात पडलाय, कुजत नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना मी त्याला आधी आमच्याकडेच आणलं. खाटेवर बसवलं, डोळ्यावर पट्टी. गल्लीतली माणसं जमली. आणि मी सुरू झालो — पहिल्यांदाच, तिथेच. कसा धावलो, कसं पिंप उचललं, कसं तळापर्यंत रिकामं केलं. सायमन खाली मान घालून ऐकत होता. तेवढ्यात सखू टँकरवरून आली, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. मी माणसांदेखत ओरडलो, "पिंपात ओत गं, थेंब ठेवला नाही मी त्यात!"

ती मोरीपाशी गेली. झाकण काढलं. बाहेर येऊन म्हणाली, "वतू कुठं? पिंप भरल्यालंच हाय."