मेहेरात मागितलेलं तिकीट

रत्नागिरीत राहिलेल्या आणि रत्नागिरी सोडून गेलेल्या समस्त नातलगांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, लग्नानंतर सासरी निघताना मी बंदरावर रडले नाही, हा गुन्हा मला मान्य आहे. पडाव आगबोटीकडे निघाला तेव्हा किनाऱ्यावरच्या साऱ्या बायकांचे पदर डोळ्यांना होते आणि नवरी खुशाल काजूगर खात होती. चाचीच्या पत्रात ते अजून येतं. बायांनो, रडू कशाला? माझं परत येणं निकाहनाम्यात लिहिलेलं होतं.

माझी फूफू, बाबांची बहीण, झांजिबारला नांदायला गेली होती. आधी तिची पत्रं आली, मग एकदा लवंगांची पुरचुंडी, मग काहीच नाही. तिचं तोंडही मला आठवत नाही. माझं मोंबासाला ठरलं तेव्हा अम्मा एवढंच म्हणाली, "फूफूसारखं नको गो व्हायला," आणि पुन्हा नारळ खवायला बसली. सासऱ्यांचं तिथे दुकान होतं, मुलगा त्यांच्या हाताखाली. सासूबाई मात्र रत्नागिरीतच, राजिवड्यात.

तीन दिवस हळद चालली. माडाच्या झापांच्या मांडवात सांदणं वाफत होती आणि बायका ढोलकीवर नवऱ्याच्या नाकापासून त्याच्या मावशीच्या चालीपर्यंत सगळ्यांची लाज काढत होत्या. मी पिवळ्या साडीत, मान गुडघ्यांत. निकाहाच्या दिवशी मामू माझे वकील म्हणून दोन साक्षीदार घेऊन पडद्याशी आले. नवरीने हळूच हुंकार द्यायचा, तो वकिलाने बाहेर काझीला पोचवायचा, अशी रीत. मामूंनी मेहेर, म्हणजे नवऱ्याने नवरीला द्यायची रक्कम, वाचून विचारलं, "कबूल?"

मी खणखणीत म्हटलं, "पैसे नकोत. दर तीन वर्षांनी मोंबासा ते रत्नागिरी, जाऊनयेऊन तिकीट. तेच माझं मेहेर."

ढोलकी थांबली.

"येड लागलंय काय गो? लग्न मोडेल," अम्मा कुजबुजली.

"मोडू दे." मी मान गुडघ्यांतून वर काढली.

"बये, हे मी बाहेर कुठल्या तोंडाने सांगू?" मामू म्हणाले.

"आहे त्याच."

आज मोंबासात माझ्या घरात मक्याच्या पिठाची उगाली शिजते आणि शेजारी तिखट कालवण. पोरं भांडतात स्वाहिलीत, माफी मागतात आपल्या बोलीत. सारखं गावाकडे पळते, हिचं घर नक्की कुठलं, असं इथे आणि तिथेही विचारतात. जिथे जायला मला कुणाची परवानगी लागत नाही, ते माझं घर. पाच वेळा येऊन गेले, यंदा सहाव्यांदा येतेय. लग्नाच्या वयाला आलेल्या भाच्यांनी मेहेरात काय मागायचं ते ठरवून ठेवावं, मी शेजारी बसेन.

त्या निकाहाच्या दिवशी पडद्याबाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. मामूंनी घसा खाकरून अट सांगितली. काझींनी लेखणी खाली ठेवली. सासरे लालबुंद होऊन उठायलाच लागले, त्यांच्याबरोबर अर्धा मांडव. सेहऱ्याआडच्या नवऱ्याने "कबूल" सोडून तोंड उघडायचं नसतं. त्याने मोगऱ्याच्या माळा दोन्ही हातांनी बाजूला सारल्या आणि भर मांडवात बोलला, "अब्बा, दोन तिकिटं लिहू दे. आठ वर्षांनी आलो, तर आईनं मला ओळखलंच नाय."