खोटं सुतक

हे मी कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवाजवळही नाही. आता तुमाले सांगून राहिलो.

नागपूर मुंबई राज्यात गेलं अन आपण इकडं भोपाळच्या वाट्याले आलो, तेव्हाची गोष्ट. पांढुर्ण्यात माहं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. संत्र्याच्या एका व्यापाऱ्याची जुनी मोटार आली. ब्रेकचे ड्रम झिजलेले, समोरच्या चाकांच्या बेरिंगा खडखडून राहिल्या होत्या. ड्रम बदलले. बेरिंगा नागपूरहून आणवल्या, तं एक सैल निघाली — चाकात बसे, पण हाले. दुसरी आणाले पाह्यजे होती. पण मोटारीच्या मालकाले शनिवारीच आईले घेऊन जामसांवलीच्या मारुतीले जायचं होतं. अन मले — काय सांगू — 'या मिस्त्रीच्यानं होत नाही' हे ऐकाचं नव्हतं.

तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, बेरिंगीभोवती गुंडाळला, ठोकून बसवली. चाक फिरवून पाह्यलं. कट — कट. बारीक आवाज. मी वरून ग्रीस थापलं. आवाज बंद झाला. दोष गेला होता का? आवाज गेला होता, बस.

आमच्याकडं रीत होती — काम झालेल्या गाडीत पहिल्या फेरीले मिस्त्रीनं बसाचं, देवळापुढं नारळ त्यानंच फोडाचा. शनिवारी मालक म्हणाले, चला मिस्त्री. आई मागच्या सीटवर सरकल्या, माह्यासाठी जागा केली. तोंडातून निघालं — सुतक आहे, बोरगावचे काका गेले. धडधाकट माणूस, तिकडं कपाशी निंदून राहिला असन! सुतकवाल्याले देवळात कोण नेणार? आई हळहळल्या. ड्रायव्हर किसन म्हणे, राहू द्या दादा, मी फोडतो नारळ.

तेव्हा तरी म्हणता आलं असतं ना — नका जाऊ? मी बाजूले सरकून मोटारीले वाट करून देल्ली. मोटार नजरेआड झाली, अन मी दुकानाचं दार लोटून आत बसलो. रस्त्यानं कोणी धावत गेलं तरी वाटे, खबर आली. कानावर हात ठेवून बसलो होतो.

जामसांवलीच्या अलीकडच्या उतारावर चाक निखळलं. मोटार पलटली. मालक वाचले, आई वाचल्या. किसनचा उजवा हात कोपरातून गेला. मोडकी मोटार माह्याच दुकानात आणली. मी पहिले तो पत्रा काढला अन नाल्यात फेकला. लोक म्हणाले, किसन जोरात हाकलत होता. मालकानं मले विचारलं, तसंच झालं असन का? मी मान हलवली — हो, हलवली.

मंग एक दिवस किसन आला. रिकामी बाही खोचलेली. माह्या काकाचं ऐकून वाईट वाटलं म्हणे. अन बोलला, "दादा, तुमी गाडीत राह्यले असते तं आवाजावरूनच वळखलं असतं."

वळखलं होतं. म्हणूनच बसलो नाही.