बेबीताईंची लोंबती गाडी

मेडशीच्या फाट्यावर बेबीताईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिथं जाऊन "मिस्त्री कुठं आहेत?" असं विचारणाऱ्या मूर्खांत मीही होतो. तोंडावरची काच वर करून बाई म्हणाल्या, "मीच हाव. बोला." तरी मी त्यांचे यजमान इंद्रभान येईपर्यंत बाकावर बसून राहिलो. शेवटी माझं फाटक बाईंनीच जोडलं आणि इंद्रभाननं रंगवलं. दुकानात कामाची वाटणी तशीच होती.

दोघांनी पुण्याकडं आकाशपाळणे बनवणाऱ्या कारखान्यात बारा वर्षं काढली होती. तिथल्या एका रोलर कोस्टरच्या गाडीचे रूळ बेबीताईंनी जोडले होते. ही गाडी रुळाखाली लोंबते, माणसांचे पाय अधांतरी. एका मनोऱ्यावरून सुटते, वेटोळ्यातून उलटी होऊन दुसऱ्या मनोऱ्यावर चढते आणि पाठमोरी त्याच वाटेनं परत येते. बाई हे सांगायच्या आणि गाव हसायचं.

मालेगावच्या शांतीलाल शेठना तुरीच्या गोदामासाठी चाळीस कैच्या, म्हणजे छताचे लोखंडी सांगाडे, करून हवे होते. दुकानाला वर्षभर पुरेल एवढं काम. पण शेठ म्हणाले, "इंद्रभान वेल्डिंग करत असंल तं देतो. छत बाईच्या हातचं, मले भरोसा नाई."

बाईंचा पारा चढला. "त्या गाडीचं मॉडेल करून दाखवीन. जोड चुकला तं गाडी परत येनार नाई. आली तं काम माहं."

महिनाभरात पुरुषभर उंचीचं मॉडेल उभं राहिलं. रविवारी शेठ आले, निम्मं गाव आलं. मी तर मजा बघायलाच गेलो होतो, खोटं कशाला सांगू? गाडी सुटली, वेटोळं पार करून दुसऱ्या मनोऱ्यावर चढली. परत येताना मात्र वेटोळ्यात अर्ध्यावर अडली, मागं घसरली आणि खाली झुलत राहिली. "ताई, धक्का द्या!" कुणीतरी ओरडलं. शेठ निघाले.

बाईंनी जोड तपासलेच नाहीत. रुळावरून बोट फिरवलं, तर बोट निळं झालं.

"हा रंग कोनं देला?"

"म्या," इंद्रभान पुढं आला. "सकाळीच. शेठ येनार, गंजकं कसं दाखवाचं?"

त्यानं आयुष्यात एकही वस्तू बिनरंगाची दुकानाबाहेर जाऊ दिली नव्हती. मोठ्या प्रेमानं त्यानं रुळांवरही दोन हात चढवले होते, आणि चाकं त्या ओल्या रंगात चिकटत होती.

आता नवऱ्याची सगळ्यांसमोर शोभा होणार, असं मला वाटलं. बाईंनी पॉलिश पेपरचे दोन तुकडे केले, एक त्याच्या हाती दिला. "घासा. शेठ, तुमी बसा." अर्धा तास दोघं घासत होते. मग चाकं घासलेटानं पुसली. कुणी जागचं हललं नाही.

गाडी पुन्हा सुटली. परतताना वेटोळ्याच्या माथ्याशी इतकी मंदावली की आता थांबतेच असं वाटलं. मग ती पलीकडं उतरली आणि खडखडत पहिल्या मनोऱ्याच्या पायथ्याशी येऊन थांबली. मी घसा बसेपर्यंत ओरडलो. इंद्रभान निळ्या हातांनी डोळे पुसत होता, तोंडभर रंग. मला त्या बाईंचा एवढा अभिमान वाटला की आधीच्या हसण्याची लाज वाटली.

शेठनी एकेका जोडावरून बोट फिरवलं. "काम तुमचं, ताई. उद्या माप घ्यायले इंद्रभानले पाठवा."

"मापाले मीच येईन," बेबीताई म्हणाल्या. "रंगाची पाळी आली का आमच्या ह्यायले पाठवीन."

सगळ्यात मोठ्यानं इंद्रभानच हसला.