वाटीतलं नाणं

रविवार, कोजागिरीचा आदला दिवस. हजर: मी, जाऊबाई मंगल, सीताफळाचा गर काढायला आलेल्या दोन बायका. गैरहजर: यमुनाबाई — हे सहावं वर्ष.

ती का येत नाही, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते.

मारेगावात, वणीच्या रस्त्यावर आमचं भोजनालय आहे. सीताफळाच्या रबडीसाठी ट्रकवाले भर उन्हाळ्यातही थांबतात. ते माझ्या फ्रीजरमुळे — हे मी मान वर करून सांगते. गर अर्ध्या किलोच्या डब्यांत, प्रत्येकावर तारीख, जुना डबा आधी. वितळवायचा तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही. एकदा वितळला की परत गोठवायचा नाही. माझ्या घरच्या फ्रिजलाही हेच लागू. दारावर यादी, रोज सकाळी बरोबरची खूण.

आणि एक वाटी. तिच्यात पाणी गोठवायचं, बर्फावर रुपयाचं नाणं ठेवायचं. आपण नसताना वीज गेली, बर्फ वितळला, की नाणं तळाला जातं. वीज येऊन सगळं पुन्हा गोठलं, तरी नाणं तळातच. गावातल्या दोन हॉटेलवाल्यांनी ही वाटीची युक्ती माझ्याकडून उचलली.

यमुनाबाई यायची बंद झाली, त्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही घाटंजीला लग्नाला गेलो. दोन दिवसांनी परतून फ्रीजर उघडला. डबे दगडासारखे घट्ट. नाणं तळाला.

काय करायचं ते माझीच यादी सांगत होती. पण चाळीस डबे फेकायचे — आणि सगळ्यांना सांगायचं की माझा फ्रीजर बंद पडला होता? माझा? मी वाटी नळाखाली धरून नाणं मोकळं केलं, पाणी पुन्हा गोठवलं, नाणं वर ठेवलं. यादीवर दोन्ही दिवसांच्या खुणा करून टाकल्या.

त्याच आठवड्यात एका बारशाला आमची रबडी गेली. पाच-सहा जणांना उलट्या. बाळंतीण दोन दिवस सलाईनवर.

बारशाच्या घरचे विचारायला आले, तेव्हा मी त्यांना यादी दाखवली. सगळ्या खुणा जागच्या जागी. मंगल म्हणाली, "मंग गर काढतानीच काही झालं असन. तांड्यावरच्या बाईनं हात धुतले नसतीन."

मी काय म्हणाले? काहीच नाही. तेवढं पुरलं.

उरलेले डबे मी एकटीने नाल्याकाठी पुरले. म्हणजे मला ठाऊक होतं — पक्कं ठाऊक होतं.

यमुनाबाई दहा हंगाम आमच्याकडे गर काढत होती. बांगड्या कोपरापर्यंत सारून बसायची. तिच्या डब्यात कधी एक बी सापडली नाही. बोलणं तांड्यापर्यंत पोचलंच. पुढच्या हंगामात ती आली, ती पदरात नवा साबण बांधून.

"घ्या वं बाई. तुमच्यासमोर धुतो हात. मंग सांगा."

"राहू दे यमुनाबाई, यंदा नाही लागत," मंगल दारातूनच म्हणाली.

"मले कामाचं नाही. माहं नाव काहून खराब केलं, येवढंच सांगा."

विचारत होती मंगलला, बघत होती माझ्याकडे. मी यादीवर खूण करत होते. साबण पायरीवर ठेवून ती गेली.

त्यानंतर माझ्या फ्रीजरमधून एकही चुकीचा डबा बाहेर गेलेला नाही. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवणार नाही. नाणं वर ठेवलं ते हात याच अभिमानाचे होते.

आजच्या यादीत चार कामं होती. दूध सांगणे. डब्यांवर तारखा घालणे. वाटीतलं पाणी बदलणे. मंगलला घेऊन तांड्यावर जाणे, यमुनाबाईला नाण्याचं सांगणे.

पहिल्या तिन्हींवर खूण झाली आहे.