कालिपाचा कोरम

आमच्या जेटी-तेरेक शहरात महिन्याचा शेवटचा गुरुवार उजाडला, की कालिपाचा आवाज सकाळी गोड असतो आणि दुपार होईतो त्याला धार चढते. कालिपा नगरपरिषदेची सचिव. विषयपत्रिका काढणं, इतिवृत्त लिहिणं, ठरावांच्या नकला खात्याखात्यांत धाडणं हा तिच्या डाव्या हातचा मळ. तिचा जीव खाणारं काम एकच, नगरसेवकांना खुर्चीत आणून बसवणं. आपण निवडून दिलेत एकवीस. त्यातले अकरा बसले की कोरम होतो आणि सभा सुरू होते. दहा बसले तर चहा होतो आणि सगळे घरी जातात.

"झाकिर, निघालास का रे?"

"निघालो एजे, निघालो! रस्त्यातच आहे." थोरल्या बाईला आमच्याकडे एजे, म्हणजे ताई, म्हणतात.

"तुझ्या रस्त्यात मेंढ्या फार ओरडताहेत."

"हो ना एजे, काय सांगू, रस्ताभर मेंढ्याच मेंढ्या!"

आणि मागून त्याची बायको खेकसते, की फोन ठेवा आणि आधी या मेंढीचे पाय धरा. एकाची मेव्हणी नांदायला निघालेली असते, एकाचा घोडा लंगडत असतो, एक राजधानीत कुणाला तरी भेटायला गेलेला असतो, आणि तो कुणाला भेटतो ते आजवर कुणाला कळलेलं नाही. मतं मागताना हीच मंडळी दिवसातून दोनदा दारात यायची. असो. आमचीच माणसं आहेत, आम्हीच निवडलीत.

कालिपा मूळची इथली नाही. वर डोंगरातल्या गावात तिचा नवरा बर्फाच्या कड्याखाली सापडून गेला, आणि दोन लहान मुली घेऊन ती खाली शहरात आली. बसथांब्यामागे एक खोली मिळाली. त्या आळीत नळ नव्हता, आजही नाही, आणि अंगणातला हापसा थंडीत गोठतो. आल्याला महिना होत आला तरी मुलींना धड अंघोळ नव्हती. शेवटी एका संध्याकाळी ती लाजत लाजत आमच्या हमामाच्या, म्हणजे परिषदेच्या सार्वजनिक न्हाणीघराच्या, दाराशी जाऊन उभी राहिली.

हमामाच्या बायकांच्या बाजूला बात्मा असायची. उंच, दंडाने दणकट, डोक्याला पंचा गुंडाळलेला, आवाज असा की वाफेतूनही नीट ऐकू यावा. तिनं कालिपाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मुलींच्या टोप्या काढल्या, केसांत बोटं घालून बघितलं.

"तिकीट..." कालिपा पुटपुटली.

"तिकिटानं अंग घासतात का? आत चल."

मुलींना तिनं स्वतः न्हाऊ घातलं. मग कालिपाला बाकावर बसवलं आणि खरखरीत हातमोज्यानं तिची पाठ अशी घासली, की नवरा गेल्यापासून न आलेलं रडू तिला तिथे आलं. वाफेत कोण रडतंय ते कुणाला दिसत नाही, ही त्या जागेची मोठी सोय. रडून झाल्यावर ती आभार मानायला वळली, तर बात्मानं तिचा खांदा धरून तिला परत फिरवलं.

"बोलणं पुरे. पाठ कर इकडे. अजून अर्धी राहिलीय."

परिषदेतली नोकरीही तिथूनच लागली. त्या वेळच्या अध्यक्षांच्या बायकोची पाठ बात्माच घासायची. पाठ दुसऱ्याच्या हातात असताना माणूस फारसं नाही म्हणत नाही. "तुमच्या नवऱ्याला सांगा," बात्मा म्हणाली, "एक बाई आहे, अक्षर सुरेख आहे, खोटं बोलता येत नाही. असली एक तरी ठेवा तिथे." दुसऱ्या आठवड्यात कालिपा टेबलाशी बसली. त्या टेबलावर तिच्या मुली शिकल्या, दोघी सासरी गेल्या, तिच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर आलं. यासाठी बात्माचे आभार मानायचा तिनं कितीदा तरी प्रयत्न केला. दर वेळी उत्तर तेच, पाठ कर इकडे.

तर अशा या हमामावर गदा आली. बॉयलर म्हातारा झाला होता, नळ्या गळत होत्या. कुबात नावाचा आमचा एक नगरसेवक सोफे विकतो. त्याला ती इमारत दुकानासाठी भाड्यानं हवी होती. माणूस वाईट नाही, पण मोक्याची जागा दिसली की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. थंडीपूर्वी परिषदेनं नव्या बॉयलरचा ठराव केला तर हमाम राहणार. नाही केला, तर नळ्या फुटू नयेत म्हणून पाणी काढून टाकणार, दाराला कुलूप लागणार, आणि बंद इमारत भाड्यानं द्यायला महापौरांना परिषदेला विचारावंही लागत नाही. म्हणजे कुबातला काही करायचंच नव्हतं. नुसतं सभेला यायचं नव्हतं.

ऑगस्टच्या सभेला नऊ जण आले. कालिपा तशीच उठून बात्माकडे गेली. बात्मा तेव्हा अंथरुणाला खिळली होती. ते दणकट दंड पार वाळले होते, आवाज मात्र होता तसाच होता. कालिपानं तिच्या उशाशी बसून सगळा राग ओकला.

"सभेला पत्र पाठवा, फोन करा, पाया पडा, येत नाहीत! आणि कुणी मेलं की न बोलावता एकजात हजर! यांचा कोरम व्हायला कुणीतरी मरायलाच हवं!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. कुणापुढे काय बोललो! पण बात्मा हसायला लागली. हसता हसता खोकली, खोकता खोकता पुन्हा हसली. तिची मुलगी मेरिम पाणी घेऊन धावत आली.

"काय झालं?"

"काही नाही," बात्मा डोळे पुसत म्हणाली. "कालिपा मला परिषदेचं कामकाज समजावून सांगत होती."

सप्टेंबरात बात्मा गेली. मातीला अख्खं शहर लोटलं. एकवीसच्या एकवीस नगरसेवक आले, कुबातनं तर खांदाही दिला. आणि पुढच्याच आठवड्यात सभेला आठ जण. बटाटे काढायचे होते म्हणे.

राहिली ऑक्टोबरची सभा. त्यानंतर थंडी आणि कुलूप. कालिपानं यावेळी पंधरा दिवस आधीच फोन सुरू केले, घरोघरी गेली, झाकिरच्या बायकोलाही गाठलं. आणि मेरिमचा निरोप आला, की आईचं चाळीसावं, म्हणजे चाळीसाव्या दिवसाचं जेवण, महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आहे.

कालिपाच्या पायाखालची जमीनच सरकली. चाळीसाव्याचं जेवण सोडून सभेला कोण येणार? ती स्वतः तरी गेली असती का? ती तडक मेरिमकडे गेली.

"अगं, चाळीस दिवस तर रविवारी होतात. मग गुरुवारीच का?"

"चाळीसावं अलीकडे घेतलेलं चालतं, एजे."

"मग बुधवारी घे! शुक्रवारी घे! गुरुवारी सभा आहे, तुझ्या आईच्या हमामाचीच सभा आहे, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे," मेरिम पीठ मळता मळता म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "गुरुवारीच आहे, एजे. बदलता येणार नाही."

कालिपाला तिचा असा राग आला म्हणता! आईच्या हयातभराच्या कामावर ही पोर आपल्या हातानं पाणी सोडतेय आणि वर तोंडातून कारण काढत नाही. घरी जाताना ती मनातल्या मनात मेरिमला नाही नाही ते बोलली. पण राग घेऊन चालता चालता परिषदेच्या दारापाशी आली, तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. ती आत गेली ती थेट अध्यक्ष तुर्गुनबेकच्या खोलीत.

"सभा बात्मा एजेच्या अंगणात घेऊ."

तुर्गुनबेकच्या हातातला पेला हातातच राहिला. "दुखवट्याच्या जेवणात सभा? लोक शेण घालतील तोंडात! आणि नियमात बसतं का ते?"

"सभा सगळ्यांना खुली हवी आणि जागेची सूचना आधी लागायला हवी, एवढाच नियम आहे. सूचना मी आजच लावते. आणि चाळीसाव्याहून खुलं आणखी काय असतं?"

तुर्गुनबेकनं असानकुल आकेंना विचारलं. असानकुल आके, म्हणजे असानकुल दादा, आमचे सगळ्यात वडील नगरसेवक. ऐकायला कमी येतं, पण हवं तेवढं बरोबर येतं. त्यांनी दाढी कुरवाळली, मेरिमची परवानगी काढा म्हणाले, आणि मेरिमनं इतक्या पटकन हो म्हटलं की कालिपाला जरा नवलच वाटलं.

गुरुवारी अंगणात मोठा तंबू पडला. बाहेर कढया रटरटत होत्या, बोरसोकांचा, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, वास आळीच्या टोकापर्यंत जात होता. आमच्याकडे माणसं पंगतीपंगतीनं येतात. जेवतात, गेलेल्यासाठी दुवा होते, मग पुढच्यांना जागा देतात. नगरसेवकांची एक पंगत करायची असं ठरलं होतं, पण ठरल्याप्रमाणे वागतील तर ते नगरसेवक कसले! काही जण सकाळीच जेवून गेले होते, काही अजून उगवायचे होते. कालिपानं तंबूच्या दारातून डोकी मोजली. अकरा. अकरावा कुबात.

मटण झालं, रस्सा झाला. तुर्गुनबेकनं घसा खाकरला आणि सभा सुरू झाल्याचं सांगितलं. कुबातच्या हातातला बोरसोक तिथेच थांबला. सूचना लागली होती खरी, पण सभेची सूचना वाचायची सवय असती तर आणखी काय हवं होतं! त्यानं इकडेतिकडे पाहिलं, डोकी मोजली, आणि दाराशी काढून ठेवलेल्या बुटांकडे त्याची नजर गेली. तो उठला की दहा. दहा म्हणजे कुलूप.

"जेवणावळीत सभा!" कुबात म्हणाला. "जरा तरी लाज?"

"सभागृहात तू येत नाहीस, बाळा," असानकुल आके शांतपणे म्हणाले. "म्हणून सभाच तुझ्याकडे आली."

तंबू हसला. कुबात कानापर्यंत लाल झाला. "मला काम आहे. निघतो मी."

"दुवा न घेता?" असानकुल आकेंनी विचारलं.

जेवलेल्या पंगतीतून दुवेआधी उठायचं, तेही गेलेल्या माणसाच्या नावानं मांडलेल्या पंगतीतून, हे आमच्याकडे लहान मूलसुद्धा करत नाही. दुवा द्यायचा मान असानकुल आकेंचा.

"मग दुवा द्या आके, उशीर होतोय."

"देतो, देतो. चहा येऊ दे. म्हातारा माणूस मी, चहाशिवाय मला शब्द आठवत नाहीत." आणि त्यांनी उशीला आणखी थोडी पाठ टेकली.

कुबात गुडघ्यावर हात ठेवून अर्धवट उठला. तेवढ्यात पडद्यापलीकडून, बायकांच्या पंगतीतून, त्याच्या आईचा आवाज आला.

"कुबात! खाली बस! मेल्या, बात्मानं तुला बाळपणी उलटा धरून न्हाऊ घातलंय!"

कुबात बसला.

विषय वाचला गेला. एवढे नागरिक कुठल्याही सभेला कधी जमले नव्हते. पडद्यापलीकडच्या बायका, कढयांपाशी उभे असलेले पुरुष, सगळे कान देऊन होते. झाकिरनं विचारलं, नवा बॉयलर किती टिकेल. दुसऱ्यानं विचारलं, कोळसा कुणाकडून. नेहमीचेच रटाळ प्रश्न, पण कालिपाला वाटत होतं, याहून गोड बोलणं आपण उभ्या जन्मात ऐकलं नाही. मग हात वर झाले. दहा हात. कुबातचा हात मांडीवरच राहिला, पण तो जागेवर होता आणि तेवढं पुरेसं होतं.

"माझे सोफे कुठे ठेवू आता?" तो कुरकुरला.

"घरात ठेव," पडद्याआडून आई म्हणाली. "आम्ही अजून जमिनीवरच बसतो."

या वेळी कुबातलाही हसू आवरलं नाही. असानकुल आकेंना सगळे शब्द आठवले. त्यांनी तळवे उघडले, त्यांच्याबरोबर सगळ्यांनी उघडले, कुबातनंही. बात्माला जागा उजेडाची मिळो, तिच्या हातची ऊब या शहराला पुरो, असं ते म्हणाले. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. "ओमीन."

शेवटची पंगत उठल्यावर कालिपा मागच्या अंगणात गेली. मेरिम कटोऱ्यांच्या ढिगापाशी बसली होती. कालिपानं बाह्या वर केल्या आणि तिच्या शेजारी बसली.

"मेरिम, मी तुला मनात फार वाईट बोलले गं. त्या गुरुवारवरून. माफ कर मला."

मेरिमनं हातातला कटोरा पाण्यात सोडला.

"गुरुवार मी ठरवला नव्हता, एजे. आईनं ठरवला होता. जायच्या आधी मला जवळ बोलावून म्हणाली, 'माझं चाळीसावं कालिपाच्या सभेच्या दिवशी घाल. तिला माणसं कमी पडतात. मी गोळा करून देते, पुढचं ती बघेल. पण आधी सांगू नकोस, नाहीतर रडत बसेल आणि काम राहून जाईल.'"

कालिपानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तीस वर्षांचे आभार साठलेले होते, आणि ते घेणारी कधी घ्यायलाच तयार नव्हती, आता तर ती नव्हतीच. आपला चेहरा पोरीला दिसू नये म्हणून ती वळली आणि मेरिमकडे पाठ करून बसली.

मेरिमनं ओले हात झग्याला पुसले, आणि एक हात तिच्या पाठीवर ठेवून वरून खाली फिरवत राहिली.