बाईंनी शिकवलेलं ‘क्लोज’

तिरुपूरच्या कारखान्यात कापडावर खूण करायचा खडू हातात घेतला, की त्या वासानं अचलपूरची सातवी आठवते. इंग्रजीच्या बाई ‘क्लोज’ शिकवत होत्या. दार लावणं, डोळे मिटणं, डब्याला झाकण घालणं, पुस्तक मिटणं, सगळ्याला एकच शब्द. वाक्य म्हणायचं आणि तसं करून दाखवायचं. माझ्या वाट्याला पुस्तक आलं. उद्यापासून तुझी शाळा बंद, असं बाबांनी सकाळीच सांगितलं होतं. मी पुस्तक मिटलं आणि रडूच कोसळलं.

“अवं पोरी, काहून रडून राहिली? बरोबर तं आलं तुले!” बाई म्हणाल्या.

कारण कळल्यावर संध्याकाळी त्या घरी आल्या, बाबांशी तासभर भांडल्या. बाबांनी ऐकलं नाही. माझ्यासाठी आजवर तेवढं एकच माणूस भांडलं. तेव्हा मात्र बाबांच्या भीतीनं मला वाटत होतं, बाई एकदाच्या जातात कधी.